अष्टकोनी चाकं

गुरुवार. महावितरणचा दिवस.
लॅबमध्ये वीज नाही,
आणि माझी नोकरी उद्या संपते.

कपाट रिकामं करतेय.
नॅकच्या फायली, हजेरीपट,
अकरा वर्षं रेंगाळलेल्या पीएचडीची चौथी प्रत,
तिच्या मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग:
मार्गदर्शकांनी ती हाताळल्याचा एकमेव पुरावा.
आणि खडूंचा डबा.
स्टोअरला फक्त पांढरे मिळायचे, म्हणून मी
अप्पा बळवंत चौकातून आणायचे, पदरच्या पैशांनी,
लाल, हिरवा, निळा.

लाल रेघ हिरव्या रेघेला ओलांडते
तिथे ट्रान्झिस्टर होतो.
छत्तीस वर्षं एवढंच शिकवलं.
बाकीचं पुस्तकात होतं.

आमची पहिली चिप, अठ्ठ्याण्णव साल.
चार मुलं, एक संगणक, पाळ्या लावलेल्या.
रात्रीची पाळी इम्तियाज बागवानची.
मंडईतला गाळा आवरून तो सायकलवर यायचा,
बोटांना सीताफळांचा वास,
माऊस धरण्याआधी दोनदा हात धुवायचा.
बारा वाजता बबन शितोळे कुलूप घेऊन दारात,
पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांकडे बघत म्हणायचा,
"बाई, अजून इणून झालं न्हाई व्हय?"

पाच महिन्यांनी परदेशातून खोकं आलं.
वीस नग, एकेकाला चाळीस पाय.
पासोड्या विठोबाजवळून सॉकेट आणलं,
पाच व्होल्ट दिले.
काही नाही.
दुसरी लावली. काही नाही.
विसावी लावली तेव्हा
खाली रस्त्यावर दूधवाल्यांच्या किटल्या वाजत होत्या.

एक भोक राहिलं होतं.
पुरवठ्याची तार वरच्या थरातून नीट आली,
खालच्या थराला भेटलीच नाही.
केसाचे तीस भाग केले
तर त्यातला एक, एवढी जागा.

सगळी तपासणी झाल्यावर, शेवटच्या रात्री,
मी एक तार जराशी सरकवली होती.
"परत तपासू का, मॅडम?"
"नको रे, मुदत संपतेय."

पुढे दरवर्षी तिसऱ्या तासाला सांगायचे:
एक मुलगा एकदा एक भोक द्यायला विसरला.
वर्ग हसायचा. काही जण लिहूनही घ्यायचे.
एक मुलगा.
पंचवीस वर्षं व्याकरणाने मला सांभाळलं.

इम्तियाज आता ऑस्टिनला असतो.
दर ईदला फोन करतो,
मुलीच्या व्हायोलिनविषयी सांगतो, इथल्या पाण्याची चौकशी करतो.
चिपचं कधीच काढत नाही.

काल शेवटचा तास.
फळ्याकडे तोंड करून म्हटलं,
तो मुलगा नव्हता. ती मी होते.
मागे शांतता. मग दुसऱ्या बाकावरची एक जण:
"मॅडम, हे परीक्षेला आहे?"
आहे, म्हटलं.

खणाच्या तळाशी त्या विसांपैकी एक सापडली,
झाकण उचकटलेली.
तेव्हा फक्त भोक शोधलं होतं, तेही फाईलमध्ये.
चिपकडे पुन्हा बघायची हिंमत झाली नव्हती.
आज मायक्रोस्कोपखाली ठेवली,
बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका धरला.
निळसर, मग सोनेरी, मग एकदम स्पष्ट:
तारांच्या पेठा, पेठांमधले बोळ,
आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात,
जिथे काहीच नसायला हवं होतं,
वरच्या धातूत कोरलेली एक सायकल.

चाकं अष्टकोनी.
त्या सॉफ्टवेअरला गोल येत नव्हता.
साखळी आहे. घंटी आहे.
कॅरिअरवर फळांची पाटी असावी,
की आमचं खोकं?
फोकस जरा हलवून बघते.

टॉर्च अकरा टक्क्यांवर.
वीज पाचला येईल म्हणतात.